ताणाचं गणित सगळ्यांच्या हाती : फॉसीच्या मंडळींना खुलं पत्र

आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातले प्राध्यापक, इंजिनिअर आणि विद्यार्थी मित्रहो,



फायनाइट एलिमेंट पद्धतीचं एक साधं, सर्वसाधारण कामाचं, मुक्त सॉफ्टवेअर तुम्ही हाती घ्यावं, ही मागणी घेऊन हे पत्र लिहिते आहे. मागणी तुमच्याकडेच का, ते पुढे सांगते. त्याआधी 'साधं' म्हणजे नेमकं कसं यावर बोलायला हवं, कारण साधेपणाच्या नावाखाली या क्षेत्रात जे विकलं जातं त्यातलं बरंचसं मला धोक्याचं वाटतं. मी पुण्यात स्ट्रक्चरल ॲनालिसिसचं काम करते. कुणाचा ब्रॅकेट, कुणाचं गिअरबॉक्सचं हाउसिंग, कुणाची चॅसी दिवसभर माझ्या स्क्रीनवर असते, आणि 'हे टिकेल का' या एका प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं असतं.

ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एखाद्या वेड्यावाकड्या वस्तूत ताण किंवा तापमान कसं पसरेल याचं समीकरण आपल्याला ठाऊक असतं, पण त्या आकारासाठी ते कागदावर सुटत नाही. मग वस्तूचे छोटे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यात उत्तर अगदी साध्या रीतीने बदलतं असं धरायचं आणि सगळ्या तुकड्यांची समीकरणं जोडून एकदम सोडवायची. तुकडा म्हणजे एलिमेंट, तुकडे जिथे जुळतात ते बिंदू म्हणजे नोड, आणि सगळं जाळं म्हणजे मेश. १९५६ साली टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी विमानाच्या पंखांच्या निमित्ताने हे तंत्र मांडलं आणि १९६० साली रे क्लफ यांनी त्याला आजचं नाव दिलं. आज मोठ्या कारखान्यात मोटारीचं दारसुद्धा या गणिताशिवाय ठरत नाही.

लहान कारखान्यात मात्र ते पोचलेलं नाही. पश्चिम महाराष्ट्रात ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या गावोगावच्या वर्कशॉपमध्ये बनतात. ट्रॅक्टरला जोडायच्या दांड्याच्या मुळाशी वेल्डला तडा जातो. मालक तिथे जाड पट्टी मारतो. पुढच्या हंगामात तडा त्याच पट्टीच्या टोकाशी येतो, कारण पट्टी जिथे संपते तिथे कडकपणा एकदम बदलतो आणि सगळा ताण त्या रेषेवर गोळा होतो. पट्टीचं टोक निमुळतं करावं की पट्टीऐवजी गसेट द्यावा, हे ठरवणारं गणित आजच्या साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांचं आहे. वर्कशॉपमध्ये डिप्लोमा झालेला मुलगा असतो, लॅपटॉप असतो, तुटलेला भाग तर समोरच पडलेला असतो. तरी ते गणित होत नाही. परवाना परवडत नाही हे एक कारण. दुसरं जास्त खोल आहे : प्रश्न मांडण्याआधीच सॉफ्टवेअर त्याला शंभर गोष्टी विचारतं, आणि त्यातल्या नव्वद प्रश्नांचा त्याच्या ट्रॉलीशी काही संबंध नसतो.

हे शंभर प्रश्न आले कुठून? पुष्कळसे इतिहासातून साचत आले. साठच्या दशकात नासाने नॅस्ट्रान लिहून घेतलं तेव्हा माहिती पंचकार्डांवरून जायची. ऐंशी रकान्यांचं कार्ड, त्याचे आठ-आठ रकान्यांचे दहा भाग. आठ जागांत आकडा बसावा म्हणून घातांकाचं अक्षर गाळायची सवलत होती, त्यामुळे ७.८५ गुणिले दहाचा उणे नववा घात हा आकडा '७.८५-९' असा लिहिता येई. पंचकार्डं गेली, तो साचा राहिला. आज कॉलेजातून आलेली मुलगी अशी फाइल उघडते तेव्हा तिला तिथे वजाबाकी दिसते.

आणि हा आकडा कसला? पोलादाच्या घनतेचा. पुस्तकात ती ७८५० किलो प्रति घनमीटर असते. पण लांबी मिलिमीटरमध्ये, बल न्यूटनमध्ये आणि ताण मेगापास्कलमध्ये घेतला की वस्तुमान टनात घ्यावं लागतं, आणि घनता टन प्रति घन मिलिमीटर होते. बऱ्याच मोठ्या सॉल्व्हरना एककं कळतच नाहीत. ते नुसते आकडे घेतात, एककांचा मेळ घालणं वापरणाऱ्याच्या डोक्यावर. समजा कुणी टनाऐवजी किलोचा आकडा भरला. नुसता बाहेरचा लोड लावून ताण काढला तर काहीच बिघडत नाही, कारण त्या गणितात घनता येतच नाही. सगळं ठीक आहे असं वाटतं. मग त्याच मॉडेलवर कंपनाची फ्रिक्वेन्सी काढली की ती एकतीस-बत्तीस पट कमी येते : शंभर हर्ट्झच्या जागी तीन. तीन हर्ट्झ हा काही हास्यास्पद आकडा नाही. नवख्या माणसाला तो खराच वाटतो आणि रिपोर्टात जातो. '७८५० किलो प्रति घनमीटर' असं एककासकट लिहू द्यायचं आणि रूपांतर आत करून घ्यायचं, हे एका दुपारचं प्रोग्रामिंग आहे.

इथवरच्या गोष्टी निदान उघड्यावर आहेत. याहून वाईट ती, जी सुंदर रंगीत चित्राआड लपते. एक उदाहरण जवळून पाहू. शंभर मिलिमीटर लांब, दहा बाय दहा चौरस छेदाची पोलादी पट्टी घ्या. एक टोक भिंतीत पक्कं, दुसऱ्या टोकावर शंभर न्यूटन, म्हणजे साधारण दहा किलोचं ओझं. दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी कागदावर सांगेल की टोक ०.१९ मिलिमीटर झुकेल आणि मुळाशी वाकण्याचा ताण ६० मेगापास्कल येईल. आता हीच पट्टी द्विमितीय मॉडेलमध्ये चार नोडच्या साध्या चौकोनी एलिमेंटने मांडा, उंचीत एक आणि लांबीत दहा. पूर्ण इंटिग्रेशन ठेवलंत तर झुकणं ०.१३ च्या आसपास येतं. आळस करून लांबीत पाचच एलिमेंट घेतलेत तर ०.०७. कुठे एरर नाही, वॉर्निंग नाही. लाल-पिवळं-निळं चित्र तितकंच देखणं. फक्त पट्टी खरी आहे त्याच्या अडीचपट कडक झालेली असते.

कारण साधं आहे. चार नोडच्या चौकोनाच्या बाजू सरळच राहतात, त्यांना वाकता येत नाही. वाकण्याऐवजी तो चौकोन तिरका होतो आणि नसलेला शिअर दाखवतो. याला शिअर लॉकिंग म्हणतात. बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत गंगन प्रताप यांनी ऐंशीच्या दशकापासून याच विषयावर मूलभूत काम केलं. लॉकिंग नेमकं कुठून येतं, कोणती राशी कोणत्या राशीशी जुळत नाही, हे त्यांनी इतकं स्वच्छ मांडलं की आपल्या प्रत्येक अभियांत्रिकी कॉलेजात ते शिकवायला हवं. उपाय जुने आणि माहितीतले आहेत : मधल्या नोडचा, दुसऱ्या घाताचा एलिमेंट घ्या, तितक्याच तुकड्यांत जवळजवळ बरोबर उत्तर मिळतं. मग हा निर्णय वापरणाऱ्याला का विचारायचा? ॲबॅकस या सॉफ्टवेअरमध्ये आठ नोडचा ठोकळा सी-थ्री-डी-एट, त्यालाच आर लावला की वेगळा, आय लावला की आणखी वेगळा. यातला कोणता कुठे घ्यायचा हे मला पाठ आहे, कारण माझं पोट त्यावर आहे. ट्रॉलीवाल्याने ते का पाठ करावं? ज्या निर्णयाचं उत्तर गणिताला आधीच माहीत आहे तो निर्णय सॉफ्टवेअरने घ्यावा. ज्याचं उत्तर फक्त माणसाला माहीत आहे, म्हणजे वस्तू कुठे धरली आहे, लोड कुठून येतो, कुठे तुटली तर कुणाला इजा होईल, तेवढंच माणसाला विचारावं.

आता ज्या घटनेमुळे मला हे सगळं तळमळीने लिहावंसं वाटतं ती सांगते. नॉर्वेच्या स्टाव्हांगरजवळच्या फ्योर्डमध्ये २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लाइप्नर-ए या समुद्री प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया पाण्यात हळूहळू उतरवला जात होता. एकमेकींना चिकटलेल्या चोवीस कोठ्या, आणि तीन कोठ्या जिथे भेटतात तिथे मध्ये त्रिकोणी पोकळी. त्या पोकळीत समुद्राचं पाणी, शेजारच्या कोठीत हवा. जसजसा पाया खाली जाई तसतसा पोकळीच्या भिंतींवरचा दाब वाढे. एका भिंतीला तडा गेला. पंपांना आवरणार नाही इतकं पाणी आत शिरलं आणि काही वेळात सगळा सांगाडा तळाशी जाऊन चुरा झाला. त्या आपटण्याची नोंद भूकंपमापकांवर रिश्टर ३ अशी झाली. वर असलेली माणसं वाचली, हे मोठं नशीब. नुकसान ७० कोटी डॉलरच्या घरात होतं.

चौकशीत दोन कारणं पुढे आली. एक, त्या नाजूक सांध्यात सळयांचं अँकरेज अपुरं होतं. दुसरं, नॅस्ट्रानवर केलेल्या फायनाइट एलिमेंटच्या गणितात त्या भिंतींतला शिअरचा ताण ४७ टक्क्यांनी कमी आला होता. सांध्याजवळची मेश नीट नव्हती. त्या कमी आकड्यावर भिंतीची जाडी ठरली. अपघातानंतर काळजीपूर्वक नवं गणित केलं तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती फुटली ६५ मीटरला. या दोन आकड्यांकडे मी पुन्हा पुन्हा जाते. पद्धत इतकी अचूक आहे की तिने अपघात तीन मीटरच्या फरकाने सांगितला असता. मात्र पहिल्या वेळी ती चुकते आहे हे सांगायची सोय कुणी वापरली नव्हती.

सोय अस्तित्वात होती. बाबुश्का आणि राइनबोल्ट यांनी १९७८ सालीच त्रुटीचा अंदाज घेण्याचं गणित मांडलं होतं. झिएन्कीविच आणि झू यांनी १९८७ साली, म्हणजे त्या अपघाताच्या चार वर्षं आधी, इंजिनिअरला रोज वापरता येईल इतकी सोपी रीत दिली. एका एलिमेंटमधून शेजारच्या एलिमेंटमध्ये जाताना ताणाचा आकडा उडी मारतो. खऱ्या वस्तूत, एकाच साहित्यात, तो असा उडी मारत नाही. मग नोडवर त्याचं सरासरी, सलग रूप काढायचं आणि मूळ तुटक उत्तराशी ताडून पाहायचं. फरक जिथे मोठा तिथे मेश अपुरी. मूळ गणिताच्या तुलनेत याला वेळ जवळजवळ लागतच नाही. आजही मी पाहते ती बहुतेक सॉफ्टवेअर हा अंदाज मेनूच्या तळाशी ठेवतात : मागितला तर मिळतो. ज्याला तो हवा आहे त्याला तो मागायचा असतो हेच ठाऊक नसतं.

म्हणून माझी पहिली आणि सगळ्यात आग्रहाची मागणी ही : तुमच्या सॉफ्टवेअरने एकही ताण त्रुटीच्या अंदाजाशिवाय दाखवू नये. 'कमाल ताण १४२ मेगापास्कल' एवढंच नको. मेश बारीक करत नेल्यावर तो १४२, १५१, १५३ असा स्थिरावतो आहे की १४२, १९०, २६० असा चढतच चालला आहे, हे त्याच पानावर आपोआप यावं. चढत असेल तर बहुधा तिथे आतला धारदार कोपरा आहे, जिथे गणितात ताण अनंताकडे जातो. तिथे सॉफ्टवेअरने स्पष्ट म्हणावं, 'या बिंदूचा आकडा वापरू नका, प्रत्यक्षात असेल तो फिलेट मॉडेलमध्ये द्या.' माझ्या हाताखाली येणारी हुशार मुलं अशा कोपऱ्यातल्या लाल ठिपक्यावर दिवसच्या दिवस घालवतात, भाग जाड करत राहतात. त्यांच्या शिक्षणात खोट नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसरी मागणी : अख्खा प्रश्न एका पानावर वाचता यावा. आज मॉडेल म्हणजे एक जड फाइल, आणि तिच्यात काय गृहीत धरलंय ते पाहायचं तर पंचवीस खिडक्या उघडाव्या लागतात. वरिष्ठाला तपासायला वेळ नसतो, तो चित्र बघून सही करतो. त्याऐवजी साध्या मजकुराची अशी एक फाइल असू द्या :

आकार : दांडा-मूळ, रेखाटन क्रमांक चार
साहित्य : पोलाद, यंग मॉड्युलस २१० गिगापास्कल, पॉइसन गुणोत्तर ०.३
पक्कं : मागची प्लेट, सहा बोल्टची भोकं
लोड : हुकाच्या डोळ्यावर २० किलोन्यूटन, मागे ओढ
प्रश्न : ताण, झुकणं

ही फाइल मला फोनवर वाचून दाखवता येईल. तिची दोन रूपं शेजारी ठेवून काय बदललं ते कळेल. प्राध्यापक ती फळ्यावर लिहू शकतील. आणि शेजारी बसलेला, संगणकाशी काही देणंघेणं नसलेला वेल्डर म्हणेल, 'ताई, ट्रॉली वळते तेव्हा ओढ बाजूने पण येते की.' तेवढ्या एका वाक्याने मॉडेल जितकं सुधारेल तितकं कितीही बारीक मेशने सुधारणार नाही. तीन क्लिकमध्ये ॲनालिसिस करून देणाऱ्या सोयींवर माझा राग आहे तो इथे. त्या प्रश्न झाकतात आणि रंग दाखवतात. मला नेमकं उलट हवं आहे.

तिसरी गोष्ट चुकांच्या भाषेची. एखाद्या दिशेला आधार द्यायचा राहून गेला की सॉल्व्हर 'मॅट्रिक्स सिंग्युलर' म्हणून थांबतो, आणि विद्यार्थी तिथेच अडतो. मोकळी वस्तू तीन दिशांना सरकू शकते आणि तीन अक्षांभोवती फिरू शकते. यांपैकी कोणती हालचाल मोकळी राहिली आहे हे संगणकाला सहज काढता येतं. ती हालचाल पडद्यावर करून दाखवा, भाग सरकताना दिसला की मूल स्वतःच आधार लावेल. तसंच, लावलेल्या लोडची बेरीज आणि आधारांवर आलेल्या प्रतिक्रियांची बेरीज प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर छापा. या एका ओळीने माझ्या ओळखीतले कितीतरी लोक तोंडघशी पडण्यापासून वाचले आहेत.

'सर्वसाधारण' या शब्दाबद्दलही बोलायला हवं, कारण साधं आणि सर्वसाधारण एकत्र कसं, असं कुणीही विचारेल. माझ्या मते ते एकत्रच येतं. भिंतीतून उष्णता जाते, मातीच्या धरणाखालून पाणी झिरपतं, दोन विद्युतवाहकांमध्ये विभव पसरतं, पिळलेल्या शाफ्टच्या छेदात ताण पसरतो. स्थिर अवस्थेत या चारही गोष्टींचं समीकरण एकच आहे, राशींची नावं फक्त वेगळी. पॅरिसमध्ये ऑलिव्हिए पिरोनो यांनी १९८७ साली ज्याची सुरुवात केली ते फ्रीफेम, किंवा २००३ पासूनचा फेनिक्स प्रकल्प, यांनी हे ओळखलं. तिथे समीकरण जवळजवळ पुस्तकात असतं तसंच लिहायचं, बाकी सगळं आपोआप जुळतं. एका ओळीत पॉइसनचं समीकरण लिहिलेलं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला भरून आलं होतं. शंभर प्रकारचे एलिमेंट आणि शंभर मेनू ज्यासाठी साठवले होते त्याचा गाभा एवढासा होता. पण त्या वाटेने जायचं तर वीक फॉर्म यावा लागतो, कमांड लाइन यावी लागते, आणि इन्स्टॉल करतानाच निम्मी मुलं गळतात. मला वाटतं तुमच्या सॉफ्टवेअरला दोन मजले असावेत. वरच्या मजल्यावर मघाची पाच ओळींची फाइल. जिना उतरलं की खाली तीच गोष्ट समीकरणाच्या रूपात, वाचता आणि बदलता येईल अशी. ट्रॉलीवाला वरच राहील. एम.टेक.ची मुलगी खाली उतरेल. आणि तिला कळेल की दोघांचा प्रश्न एकच आहे.

काय घ्यायचं नाही हेही आताच ठरवा. स्थिर ताण, उष्णता, उष्णतेने येणारा ताण, कंपनाच्या फ्रिक्वेन्सी आणि झिरपणं, एवढं पहिल्या आवृत्तीला पुरे. कॉन्टॅक्ट, म्हणजे दोन भाग एकमेकांना टेकण्याचं गणित, नको. खरे भाग बोल्टने जोडलेले असतात, कॉन्टॅक्टशिवाय काय उपयोग, असं कुणी म्हणेलच. मीही रोज कॉन्टॅक्ट वापरते. तरी नको, कारण तो आत आला की त्याच्याबरोबर वीस सेटिंग येतात आणि मग वरच्या मजल्यावरचं पान पाच ओळींचं राहत नाही. ज्याला तो लागतो त्याच्यासाठी कॅल्क्युलिक्स आहे. गुइडो डॉन्ट आणि क्लाउस व्हिटिग या दोन इंजिनिअरांनी उभं केलेलं, फुकट आणि भरवशाचं. फ्रान्सच्या वीज कंपनीचं कोड-ॲस्टर आहे, फिनलंडचं एल्मर आहे. क्रॅश आणि प्लॅस्टिक फॉर्मिंग त्यांच्याकडे किंवा मोठ्या व्यापारी सॉफ्टवेअरकडे राहू द्या.

आता तुमच्याकडेच का. ईसिम करताना तुम्ही सर्किटचा नवा सिम्युलेटर लिहीत बसला नाहीत. कायकॅड आणि एनजीस्पाइस ही असलेली मुक्त साधनं नीट जोडलीत आणि विद्यार्थ्याला एक घर दिलंत. इथेही तेच करायचं आहे. मेशसाठी जीमेश आहे, गणितासाठी फेनिक्स किंवा कॅल्क्युलिक्स आहे, चित्रांसाठी पॅराव्ह्यू आहे. नव्याने लिहायचं ते त्यांच्यामधलं : प्रश्नाचं पान, एककं, त्रुटीचा अंदाज, समजेल असा अहवाल. आणि अहवाल कसा असावा हे तुम्ही ऑस्डॅगमध्ये दाखवलंच आहे. पोलादी जोडणी आयएस ८०० या मानकाच्या कुठल्या कलमाने पास झाली, कुठल्याने नापास, हे तो ओळीओळीने सांगतो. जुनी माणसं हाताने जशी शीट लिहायची तशीच ती तपासता येते. आपल्या देशात मोठं फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअर घडू शकतं की नाही ही शंका तर केव्हाच मिटली आहे. विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने रॉकेटच्या रचनांसाठी फीस्ट स्वतः बांधलं. आता गरज आहे ती पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये, जुन्या विंडोजवर, इंटरनेट नसतानाही एका फाइलने बसेल अशा धाकट्या भावंडाची.

पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये उतरवून घेण्याचा तुमचा उपक्रम मला फार आवडला होता. तोच इथे लावता येईल. तुमच्याच संस्थेत प्राध्यापक राहिलेल्या पी. शेषू यांच्या पाठ्यपुस्तकातलं, चंद्रुपाटला आणि बेलेगुंडू यांच्या पुस्तकातलं एकेक उदाहरण घ्या, त्याचं पाच ओळींचं पान करा, आणि सॉफ्टवेअरचं उत्तर पुस्तकाच्या उत्तराशेजारी ठेवा. मुलांचा अभ्यासही होतो आणि सॉफ्टवेअरची परीक्षाही. पुण्याच्या नितीन गोखले आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं 'प्रॅक्टिकल फायनाइट एलिमेंट ॲनालिसिस' २००८ साली आलं. उत्तर आल्यावर त्यावर विश्वास ठेवण्याआधी काय काय पाहायचं, ही कामाच्या टेबलावरची शहाणीव अशा पुस्तकांत आहे. ती सॉफ्टवेअरच्या अहवालात उतरू द्या.

हिंजवडी-खराडीच्या ऑफिसांत शेकडो मुलं-मुली परदेशी गाड्यांच्या भागांची मेश करत बसलेली मी पाहते. वॉर्पेज इतकं, जॅकोबियन इतका, ॲस्पेक्ट रेशो इतका, हे निकष त्यांना झोपेत विचारले तरी सांगतील. लोड कुणीतरी दुसरा लावतो, उत्तर तिसराच कुणी वाचतो. आपण केलेल्या जाळ्यातून पुढे काय निघालं, भाग टिकला की तुटला, हे त्यांच्यापर्यंत कधी येत नाही. इतकी तल्लख माणसं एका गणिताच्या एकाच पायरीवर वर्षानुवर्षं उभी राहतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. घरच्या लॅपटॉपवर अख्खा प्रश्न, पहिल्या रेघेपासून शेवटच्या आकड्यापर्यंत, स्वतः सोडवायची सोय त्यांना हवी आहे.

अर्धवट शिकलेल्यांच्या हाती असं साधन देऊ नये, असंही म्हणणारे आहेत. मी त्यांचं म्हणणं हलकं मानत नाही, कारण चुकीच्या गणिताने माणसं मरू शकतात. पण ट्रॉली आजही बनतेच आहे, रस्त्यावर धावतेच आहे, आणि तिच्यामागे काहीच गणित नाही. शिवाय स्लाइप्नर-ए अर्धवट शिकलेल्यांनी बांधला नव्हता. शिकलेल्यांनाही जे सॉफ्टवेअर 'इथे चूक मोठी आहे' असं तोंडावर सांगत नाही, ते साधं असो की अवघड, मला नको आहे.

सुरुवात करायची असेल तर नाफेम्सच्या चाचण्यांपासून करा. १९८३ साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने सॉफ्टवेअर पारखण्यासाठी छोटे छोटे प्रश्न बांधून दिले. पहिलाच पाहा : लंबवर्तुळाकार पातळ पत्रा, बाहेरच्या कडेला १० मेगापास्कलची ओढ, आतल्या कडेच्या ठरलेल्या बिंदूवर उत्तर ९२.७ मेगापास्कल. सॉफ्टवेअर उघडलं की हाच प्रश्न आधी भरलेला असावा, आणि वापरणाऱ्याने मेश विरळ-दाट करत तो आकडा ९२.७ कडे सरकताना स्वतः पाहावा. या आणि पुढच्या चाचण्यांची पानं मराठीत लिहून द्यायला, अहवालातली मराठी तपासायला आणि तुमच्या स्पोकन ट्युटोरियलसाठी निवेदन करायला मी तयार आहे. शनिवारी मी पवईला येऊ शकते. ट्रॉल्या बनवणाऱ्या वर्कशॉपवाल्यांपैकी दोघांनी आपले तुटलेले भाग आणि त्यांची मापं वापरू द्यायचं कबूल केलं आहे. त्यांच्या अटी दोनच आहेत : अहवाल मराठीत हवा, आणि तो छापून भिंतीवर लावता यावा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पुण्यातली एक स्ट्रक्चरल ॲनालिस्ट